नव्या भाताची पेज

ठाण्यात मला लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक माझा राग आणि दुसरा इगर्जीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पडवीतला काळा फळा. राग बापाकडून आला होता, फळा पाद्रीबाबांनी दिला होता. तळ्याकाठी आमची इगर्जी, तिच्या मागं आमची शाळा, आणि मी तिथला इनास मास्तर. पोरांना बाराखडी, पाढे आणि प्रार्थना शिकवायच्या आणि रोज सकाळी मिस्साच्या प्रार्थनेआधी त्या फळ्यावर खडूनं एक चांगलं वाक्य लिहायचं, हे माझं काम. 'आजचं ओझं आज उचला, उद्याचं उचलायला देव उद्या येईल.' 'ज्याच्या तोंडी आभार, त्याच्या घरी उजेड.' असलं काहीतरी. ज्यांना वाचता यायचं नाही ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे आणि मान डोलवत कामाला जायचे.

मला असली वाक्यं सुचायची फार. घरी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मी ताट भिरकवायचो आणि दुसऱ्या दिवशी सबुरीवर लिहायचो. माझी बायको मोनिका म्हणायची, "तुमी त्या फळ्याशीच लगीन करायला पायजे होतं. त्याच्याशी तरी गोड बोलता." तिचं बोलणं मी कधी मनावर घेतलं नाही.

आमच्या ख्रिस्ती लोकांत आगेरा म्हणून एक सण असतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताची पहिली पेंढी वाजतगाजत इगर्जीत न्यायची, पाद्रीबाबांनी तिला आशीर्वाद द्यायचा, घंटा वाजायची, आणि मग त्या दिवशी घरोघरी पहिल्यांदा नवं शिजायचं. त्याआधी नव्या भाताचा दाणा तोंडात घालायचा नाही. आता ही काही देवाच्या दहा आज्ञांतली आज्ञा नव्हे. पण दहा आज्ञा मोडणारे आमच्या पाड्यात पुष्कळ होते, हा नियम मोडणारा मी पाहिला नव्हता. शाळेत तो मीच शिकवायचो, आणि हातात छडी घेऊन शिकवायचो.

अठराशे शहाण्णव साली तो माझ्याच घरात मोडला. आगेऱ्याला आठवडा होता. मोनिका आणि आमची एकुलती एक फिलू शेतावरून येत होत्या. हळवं, लवकर येणारं भात पिकून पिवळं झालेलं. मोनिकानं चालता चालता चार लोंब्या ओरबाडल्या, तळहातावर चोळल्या, फुंकर मारली आणि दाणे तोंडात टाकले. फिलूनं, माझ्या शाळेतल्या सगळ्यांत हुशार पोरीनं, जेवताना ते मला सांगितलं. मी तांब्या आपटला. मोनिका हसली आणि म्हणाली, "देवाला काय चार दाने कमी पडनार हायत?" मी त्या दिवशी जेवलो नाही. गोष्ट तिथंच संपली असं मला वाटलं.

फेब्रुवारीत ठाण्यात गाठीचा ताप आला. मोनिकाच्या काखेत गाठ उठली आणि चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. तिला पुरून आलो तेव्हा दारात चार बाया बसल्या होत्या. त्यातली एक रडत म्हणाली, "एवढी चांगली बाय, देवानं हिलाच कशी नेली?" तिनं सहज म्हटलं. सगळेच म्हणतात. पण माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "आगेऱ्याआधी नवं खाल्लं तिनं. नेम मोडला की भोगावं लागतं."

फिलू आत खांबाला टेकून बसली होती. तिनं ऐकलं की नाही हे मी पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर लिहिलं, 'देव आपल्या हातानं आपले डोळे पुसतो.' लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच कुणीतरी केली असावी. आणि दारात काय बोललो ते मी विसरून गेलो. रागीट माणसाचं हे असंच असतं. बोलणारा विसरतो, ज्याला लागतं तो विसरत नाही.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात ताप ओसरल्यासारखा झाला आणि सप्टेंबर सरता सरता पुन्हा उलटला. ऑगस्टातच आमच्या कणगीत मेलेले उंदीर सापडले होते, म्हणून जुनं भात मी माझ्या हातानं जाळून टाकलं होतं. आता बाजार बंद झाला. कल्याणकडून येणाऱ्या गाड्या खाडीपलीकडंच अडवल्या. माणसांनी जमायचं नाही असा हुकूम निघाला. पाद्रीबाबा वसईला आजाऱ्यांना भेटायला गेले होते, ते तिथंच तापानं अंथरुणाला खिळले. पहिला रविवार आला तसा गेला. आगेरा झाला नाही. शेतात भात उभं आणि पाड्यात लोक नाचणी उकडून खाताहेत, पण नव्या भाताला कुणी हात लावीना. मला त्याचा अभिमान वाटला, हे सांगितलंच पाहिजे.

त्याच रविवारी संध्याकाळी फिलू तापली. आठ वर्षांची पोर. सोमवारी तिला खोपटच्या माळावर नेलं. तिथं झावळ्यांच्या झोपड्या बांधल्या होत्या, भोवती काट्यांचं कुंपण. आजाऱ्याबरोबर एका माणसाला राहता यायचं, पण एकदा आत गेलं की बाहेर यायचं नाही. मी गेलो. आमच्या झोपडीचं पाहायला ठमाबाई होती, चेंदणीची कोळीण. तिला स्वतःला ताप येऊन गेला होता, त्यातून ती वाचली होती, म्हणून तिला भीती राहिली नव्हती. तिचं तोंड माझ्यापेक्षाही तिखट होतं.

आठ दिवस फिलू भ्रमात होती. नवव्या दिवशी जांघेतली गाठ फुटली आणि ताप उतरला. मी रडलो. माळावरचे हरिहर डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी मला दाराबाहेर नेलं.

"मास्तर, ताप गेला हे खरं. पण हिचं हृदय फार अशक्त झालं आहे. दूध टिकत नाही, नाचणीही उलटते. तेव्हा तांदळाची पेज. दर तासाला दोन चमचे. पोटात अन्न गेलं तर ही वाचेल. नाही गेलं तर चार-पाच दिवस, त्यापुढं मी काही सांगू शकत नाही."

आमच्या शेताला लागून काळुरामचं शेत. त्यानं आपल्या घरातला शेवटचा जुना तांदूळ, दोन मुठी, कुंपणावरून आत दिला. त्याची पेज फिलूनं दोन दिवस घेतली. डोळ्यांत जरा तेज आलं, ओठ ओलसर दिसायला लागले. बुधवारी तो तांदूळ संपला.

काळुराम पुन्हा आला तेव्हा त्याच्या हातात दुसरी पुरचुंडी होती. "मास्तर, आता जुना नाय. तुमचं हळवं पिकून झडाया लागलं हुतं, मी कापलं नि कांडून आनलं. आमचं नवं दसऱ्याला झालं, आमी खातोय. पोरीला घाला."

मी एक क्षणही विचार केला नाही. नियम गेला खड्ड्यात. ठमाबाईनं पेज केली, मी वाटी घेऊन बसलो आणि चमचा पुढं केला. फिलूनं तोंड उघडलं, मग मिटलं. नाक फुगवून वास घेतला. शेतकऱ्याची पोर ती. नव्या भाताचा वास तिच्यापासून लपत नाही, आणि ती पेज कशी चिकट, दाट होते तेही तिला ठाऊक.

"बाबा, हा नवा हाय."

"जुनाच आहे," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आगेरा झाला?"

"झाला. तू तापात होतीस."

"मंग ठमाबाईनं घंटा कशी नाय ऐकली? मी मगाशी तिला विचारलं हुतं."

माळावरून इगर्जीची घंटा स्पष्ट ऐकू येते. फिलूनं मान भिंतीकडं वळवली आणि दात मिटून घेतले.

त्या दिवशी तिनं गूळपाणी घेतलं, पेज घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी समजावलं, गोष्टी सांगितल्या, देव कसा दयाळू आहे ते सांगितलं. दुपारी माझा तोल गेला. मी तिचं नाक दाबलं, तोंड उघडलं की चमचा आत घातला. तिला ठसका लागला, पेज अंगावर सांडली, ओठ निळे पडले. ठमाबाई धावत आली आणि मला तिनं दंडाला धरून झोपडीबाहेर ढकललं.

"मारता काय पोरीला? ताप नाय मारू सकला, आता बाप मारनार?"

मी बाहेर मातीत बसून राहिलो. हातावर सांडलेली पेज सदऱ्याला पुसली. या हातांना राग शिकवायची गरज कधी पडली नाही.

शुक्रवारी सकाळी काळुरामनं पाद्रीबाबांची चिठ्ठी आणली. मी बुधवारीच त्याच्याकडून वसईला निरोप धाडला होता. पाद्रीबाबांनी पडल्या पडल्या सांगून लिहून घेतलं होतं: 'आजारी माणसाला कसलाही नेम नाही. फिलूनं नवं खावं. माझा तिला आशीर्वाद आहे. पाड्यातल्या सगळ्यांनीही खावं.' मी ती चिठ्ठी छातीशी धरून आत गेलो. तिला मोठ्यानं वाचून दाखवली. तिनं हात पुढं केला. हात म्हणजे नुसती काटकी झाली होती. कागद डोळ्यांजवळ नेला आणि परत दिला.

"ह्ये पाद्रीबाबाचं अक्षर नाय. तू लिवलंस."

पाड्यातल्या सगळ्यांची पत्रं मीच लिहायचो. खोटं बोलतो हे तिनं परवाच पाहिलं होतं. खरी चिठ्ठी माझ्या हातात होती आणि ती खरी आहे हे सांगायला माझं तोंड उरलं नव्हतं.

मी पुन्हा बाहेर येऊन बसलो. प्रार्थना करायला गुडघे टेकले, पण शब्द येईनात. आली ती माझी फळ्यावरची वाक्यं, एकामागून एक, कुणी न बोलावता. उद्याचं ओझं, आभार, उजेड. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. अख्ख्या गावाला मी तो वर्षानुवर्षं वाढला होता आणि माझी पोर आत उपाशी मरत होती. मला त्या वाक्यांची इतकी शिसारी आली की मी कपाळ दोन्ही मुठींनी बडवलं.

शनिवारी हरिहर डॉक्टरांनी तिची नाडी पाहिली आणि माझ्याकडं न बघता निघून गेले. मला कळायचं ते कळलं. दुपारी ठमाबाई बाहेर आली, पदरानं हात पुसत माझ्यासमोर उकिडवी बसली. एरवी ती माझ्याशी उभ्यानंच बोलायची.

"मास्तर, एक इचारू? तुमच्यात तो पुर्गातोर का काय बोलतान, तो काय हाय?"

मला त्या क्षणी धर्म शिकवायची अजिबात इच्छा नव्हती. तरी सांगितलं, की मेलेल्यांचे आत्मे तिथं आपल्या पापांची भरपाई करत थांबतात, आणि जिवंत माणसांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, उपास केला, तर ते लवकर सुटतात.

"हां," ठमाबाई म्हणाली. "मंग बरोबर हाय. पोर आईसाठी उपास धरून बसलीय. मना आता सांगलान तिनी. आईनी लोंब्या खाल्ल्या, म्हनून आई तिथं जळतंय. आईनी खाल्लं त्येवढं आपुन नाय खायाचं, म्हंजे आई सुटंल. कुनी सांगलं हो तिला असं?"

खांबाला टेकून बसलेली फिलू मला तेव्हा दिसली, आठ महिन्यांनी. आठ महिने माझ्या पोरीनं आपली आई आगीत आहे असं मानून दिवस काढले होते. माझ्या शेजारी जेवली, माझ्या शेजारी झोपली, माझ्या शाळेत पहिल्या रांगेत बसली. आणि मी रोज सकाळी गावाला धीर देत होतो.

"मी सांगितलं," मी म्हणालो.

ठमाबाईनं उठून झोपडीच्या दारावरची झावळी बाजूला केली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी आत गेलो. पेजेची वाटी उशाशी तशीच होती, वर कापड घातलेली. फिलूचे डोळे मिटलेले, श्वास इतका हलका की मला वाकून बघावं लागलं.

"फिलू. आयबद्दल सांगायचंय."

डोळे उघडले.

"त्या दिवशी दारात बायांना मी जे बोललो ते खोटं होतं. आयला तापानं नेलं. लोंब्यांनी नाही. त्या आठवड्यात आपल्या पाड्यातली अकरा माणसं गेली. त्यांनी कुठं काय खाल्लं होतं?"

तिनं मान माझ्याकडं वळवली. मग हळूच म्हणाली, "मंग तू का बोललास?"

"राग आला होता."

"आयचा?"

"देवाचा. देवावर ओरडायची माझी छाती नव्हती. म्हणून आयवर ओरडलो. ती उलटून बोलणार नव्हती."

हे वाक्य मी कधी कुठं लिहिलं नव्हतं, मनातसुद्धा नाही. ते बाहेर पडलं आणि मला माझीच लाज वाटली. फिलू मात्र वाटीकडं बघत होती.

"तू आता पन खोटं बोलतंस," ती म्हणाली. "मी पेज खावी म्हनून."

तिचं चुकलं नव्हतं. त्या आठवड्यात मी तिला दोनदा फसवलं होतं, एकदा नाक दाबलं होतं. अशा माणसावर कुणी का विश्वास ठेवावा? डॉक्टरांचे चार दिवस मला आठवले. आज चौथा होता. मग मी ठमाबाईला हाक मारली आणि ती वाटी उचलून तिच्या हातात दिली.

"घेऊन जा. पुन्हा आणू नका."

"मास्तर?" ठमाबाई तशीच उभी राहिली.

"न्या म्हणतो ना."

ती वाटी घेऊन बाहेर गेली. मी फिलूजवळ बसलो, तिचा हात हातात घेतला.

"पेज खा म्हणून मी सांगत नाही. तुला नाही खायची तर नको खाऊ. मी तुला पुन्हा कधी म्हणणार नाही. पण आयला तिथं ठेवू नकोस, बाय. ती तिथं नाही. तिला मी टाकलं तिथं, देवानं नाही. तेवढं ऐक माझं."

तिचा हात माझ्या हातात थंड पडला होता. बाहेर कुणीतरी लाकडं फोडत होतं. मी तिच्या तोंडाकडं बघायचं टाळत होतो, कारण मला वाटलं, आता तिचा श्वास थांबेल आणि शेवटचं माझं हेच बोलणं तिच्या कानात राहील. आणि वाटी मी माझ्या हातानं परत पाठवली होती.

मग ती रडायला लागली. आई गेल्यापासून ती रडली नव्हती. शेजारणी तिला शहाणी पोर म्हणायच्या, मीही म्हणायचो. अंगात त्राण नव्हतं, त्यामुळं आवाज निघत नव्हता, नुसती छाती हलत होती. मी तिला उचलून मांडीवर घेतलं. वजन असं काही उरलंच नव्हतं.

"बाबा," बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मी तुला जेवताना सांगलं नसतं, तर देवाला कळलंच नसतं ना?"

तर हे होतं. आईचं पाप नव्हे. चुगली केली ती आपण, म्हणून देवाला कळलं, म्हणून आईला शिक्षा झाली. आठ महिने हे पोर स्वतःचीच शिक्षा भोगत होतं. जन्मभर ज्याला वाक्यं सुचली त्याला एक शब्द सापडेना.

"देवाला आधीच ठाऊक होतं," शेवटी मी म्हणालो. "तो तिथंच होता शेतात. त्यानं बघितलं, आणि त्याला काही वाटलं नाही. वाटलं ते फक्त मला."

"नक्की?"

"नक्की. आय हसली होती ना? तसाच तोही हसला असेल."

तिनं माझ्या सदऱ्याला नाक पुसलं. मग म्हणाली, "ठमाबाईला बोलव."

ठमाबाई दाराच्या बाहेरच उभी होती, हातात वाटी घेऊन. ती कुठं गेलीच नव्हती. पेज पार गार झाली होती, वर साय धरली होती. मी म्हणालो, थांब, गरम करून आणतील. फिलूनं मान हलवली आणि तोंड उघडलं.

डॉक्टरांनी दोन चमचे सांगितले होते. तिनं तिसरा मागितला. मी दिला.